वाळवंटातली वेल : नारा

भोपळ्याच्या कुळातली किती मंडळी आपल्या स्वयंपाकघरात रोज ये-जा करत असतात! दुधी, तांबडा भोपळा, काकडी, कारलं, दोडका, पडवळ, तोंडली. उन्हाळ्यात कलिंगड आणि खरबूज. पावसाळ्यात रानातून येणारी कर्टोली. सगळ्यांचा स्वभाव साधारण सारखाच. पाणी भरपूर हवं, शेणखत हवं, चढायला मांडव नाहीतर कुंपण हवं, आणि चार दिवस दुर्लक्ष झालं की पानांनी मान टाकलीच म्हणून समजावं. यांपैकी दुधी आणि कलिंगड यांचं मूळ माहेर आफ्रिका. फार प्राचीन काळी ती तिथून निघाली आणि आपल्याकडे इतकी रुळली, की ती परकी आहेत असं सांगितलं तर सासूबाईंचा विश्वास बसणार नाही.

याच कुळातली एक वेल मात्र माहेर सोडून कुठेच गेली नाही. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, नामिब नावाच्या वाळवंटात, जिथे वर्षाकाठी वीस मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, तिथे ती वाढते. तिला मांडव नाही, खत नाही, आणि नवल म्हणजे पानंही नाहीत. तिचं नाव नारा.

गेल्या वर्षी ह्यांना कामानिमित्त दोन महिने नामिबियातल्या वॉल्व्हिस बे या बंदरात राहावं लागलं. मीही शाळेतून तीन आठवड्यांची रजा काढून फेब्रुवारीच्या अखेरीस तिकडे गेले. आपल्याकडे तेव्हा थंडी सरत असते, तिकडे उन्हाळा सरत असतो, आणि नाराची फळं पिकण्याचे तेच दिवस असतात, हा योग चांगला जुळला.

धुक्याचं गाव

वॉल्व्हिस बे म्हणजे देवमाशांचा उपसागर. गाव अगदी सपाट, रस्ते सरळ आखलेले, आणि हवेत मासळीचा वास. मासळीचे कारखाने हाच इथला मोठा धंदा. गावाला लागून उथळ खाडी आहे, तिच्यात गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे चोची बुडवून उभे असतात. पलीकडे मिठागरं. इथवर सगळं आपल्या कोकणपट्टीतल्या बायकांनाही ओळखीचं वाटेल. मान वळवून मागे पाहिलं, की मात्र छातीत धस्स होतं. गावाच्या मागे घरंदारं, शेतं, झाडं काही नाहीत. वाळूचे डोंगर सुरू होतात, ते नजर पोचेल तिथवर.

समुद्राचा प्रवाह इथे इतका थंड आहे, की त्यावरून येणाऱ्या हवेत पाऊस धरतच नाही. धुकं मात्र धरतं. वर्षातले शंभराहून अधिक दिवस सकाळी गाव धुक्यात बुडालेलं असतं. मी स्वेटर नेला नव्हता असं नाही, पण उन्हाळ्यात, वाळवंटाच्या तोंडाशी बसून तो घालावा लागेल ही कल्पना मात्र नव्हती. दहा-अकरा वाजता धुकं विरतं. मुंबईत पावसाळ्यातल्या एका दुपारी जेवढं पाणी पडतं, तेवढं इथे अख्ख्या वर्षात पडत नाही.

हा प्रदेश आधी जर्मनांच्या आणि मग दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. नामिबिया १९९० साली स्वतंत्र झाला. बंदराचं गाव मात्र तेव्हाही दक्षिण आफ्रिकेने आपल्याकडेच ठेवलं होतं, ते १९९४ साली परत मिळालं. या गावाजवळून कुईसेब नावाची नदी समुद्राकडे येते. नदी म्हटली तरी ती वर्षातले बहुतेक सगळे दिवस कोरडी असते. आत डोंगराळ मुलखात पाऊस झाला तर काही दिवस पूर येतो, तोही बहुतेक वेळा समुद्रापर्यंत न पोचता वाळूतच जिरतो. असं असलं तरी या नदीने एक मोठं काम करून ठेवलं आहे. तिच्या दक्षिण काठाला तांबूस वाळूच्या टेकड्या येऊन थांबतात आणि उत्तर काठापासून खडकाळ, सपाट माळ सुरू होतो. वाळू पुढे सरकू पाहते आणि दर पुराला नदी तिला धुऊन मागे लोटते. वर उभं राहून पाहिलं तर एका बाजूला तांबडं, दुसऱ्या बाजूला करडं, आणि मध्ये झाडांची हिरवी रेघ, अशी जणू काठाची साडी पसरलेली दिसते.

त्या हिरव्या रेघेतल्या झाडांत आपलं पिलूचं झाडही आहे, ज्याच्या काड्यांनी दात घासतात तेच. ते बघून मला उगीचच बरं वाटलं.

पानं नसलेली वेल

आम्ही भाड्याच्या मोटारीने नदीच्या कडेकडेने आत निघालो. मोटार चालवणारा तरुण तिथलाच, टोपनार लोकांपैकी. टोपनार म्हणजे नामा लोकांची एक शाखा. कुईसेबच्या खालच्या अंगाला त्यांच्या लहान लहान वस्त्या आहेत. त्यांच्या बोलीत टाळूला जीभ आपटून काढलेले आवाज असतात. आपण लहान मुलांना घोड्याच्या टापांचा टॉक्‌टॉक् आवाज काढून दाखवतो ना, तसा एक आवाज ‘नारा’च्या आधी लावायचा. मी वाटभर प्रयत्न केला. आवाज निघायचा, ‘नारा’ही निघायचा, पण दोन्ही एकत्र काही निघेनात. त्या मुलाची चांगलीच करमणूक झाली.

तासाभराने त्याने बोट दाखवलं. वाळूचा एक उंचवटा, दोन पुरुष उंचीचा, आणि त्यावर हिरव्या काट्यांचा अस्ताव्यस्त भारा टाकल्यासारखा दिसत होता. “हीच ती.” मी वेल शोधत होते. जवळ गेल्यावर कळलं, की हा भारा म्हणजेच वेल. फांद्या हिरव्या, आणि त्यांच्यावर जोडी-जोडीने बोटाच्या दोन पेरांएवढे लांब, टोकदार काटे. पानाच्या जागी पान असं नाहीच, बारीक खवल्यासारखं काहीतरी असतं. पान नाही म्हणजे पानातून उडून जाणारं पाणीही नाही. पानाचं काम हिरव्या फांद्या आणि हिरवे काटेच करतात. शास्त्रज्ञांनी हिला दिलेलं लॅटिन नाव अकँथोसिसिऑस हॉरिडस असं आहे. त्याचा अर्थ साधारण ‘अंगभर काटे असलेली काटेरी काकडी’. एवढ्या भारदस्त नावाच्या पोटात शेवटी काकडीच निघावी, याची मला गंमत वाटली.

पण खरं नवल जमिनीच्या वर नव्हे, खाली आहे. हिचं सोटमूळ वाळूतून खाली खाली जात भूगर्भातल्या पाण्यापर्यंत पोचतं. तीस-चाळीस मीटर, कधी त्याहून खोल. म्हणजे दहा-बारा मजल्यांची इमारत उलटी जमिनीत गाडावी तेवढं. कुईसेब वरून कोरडी असली तरी वाळूखाली तिचं पाणी झिरपत असतं, आणि नारा त्या पाण्यावर जगते. वारा वाळू आणून तिच्या फांद्यांवर टाकतो. वाळू अडते, उंचवटा वाढतो, वेल त्याच्यातून पुन्हा वर डोकं काढते. पुन्हा वाळू, पुन्हा नवा फुटवा. असं करत एकेक वेल शंभर वर्षांहून जास्त जगते. ज्या उंचवट्यावर आम्ही उभे होतो तो त्या वेलीनेच घडवलेला होता.

त्या काटेरी भाऱ्याच्या पोटात केवढं गोकुळ! सरडे, किडे, वाळूतले उंदीर सावलीला येतात. काट्यांवर राहणारा एक नाकतोडाही दिसला. फळं पिकली की कोल्हे, तरस आणि लांब शिंगांचे ओरिक्स ती खायला येतात. कोल्ह्याच्या पोटातून बिया लांब लांब जाऊन पडतात. वाळवंटातली ही अन्नछत्रंच म्हणायची.

नर वेल, मादी वेल

आपल्या परसात भोपळ्याची वेल असेल तर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं एकाच वेलीवर येतात, हे ठाऊक असेलच. नाराचं तसं नाही. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. नर वेलीला जवळजवळ वर्षभर मेणासारखी, फिकट हिरवट-पिवळी फुलं येतात. फळं धरतात ती फक्त मादी वेलीवर. ज्यांनी कर्टोली लावून पाहिली आहेत त्यांना ही भानगड चटकन समजेल. कर्टोलीचं बी लावलं तर उगवलेली वेल नर की मादी ते फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून जाणत्या बायका मादी वेलीचा कंद जपून ठेवतात, आणि आठ-दहा मादी वेलींमागे एक नर वेल राखतात. नाराला कंद नाही. तेव्हा तिच्या बाबतीत बी आणि वाट पाहणं, एवढंच हाती उरतं.

फळ लहान मुलाच्या डोक्याएवढं, साधारण किलोभराचं. बाहेरून हिरवं, अंगावर बोथट काट्यांचे उंचवटे. कच्चं फळ इतकं कडू, की तोंड भाजतं. काकडी चिरताना आपण देठाकडचा तुकडा कापून त्यावर घासतो आणि फेस काढून टाकतो. दुधी किसण्याआधी तुकडा चाखून बघतो. काकडी-दुधीत कधीमधी उतरणारा कडवटपणा आणि कच्च्या नाराचा कडवटपणा एकाच जातीचा. (कडू लागलेला दुधी मीठमसाला घालून दडपून खाऊ नये, त्याने जिवाला अपाय होतो, हे या निमित्ताने पुन्हा सांगून ठेवते.) फळ पिकलं, की तो कडवटपणा ओसरतो. आतला गर नारिंगी, रसाळ, आंबटगोड आणि सुवासिक होतो. मला त्यात थोडी काकडी, थोडा अननस लागला. जास्त खाल्लं तर अननसासारखीच जीभ चुरचुरते. या गरात दूध फाडण्याचाही गुण आहे.

वाळूवरची पोळी

पुढच्या वस्तीवर नाराचं काम चाललं होतं. पत्र्याच्या आणि लाकडाच्या घरांपुढे एक गाढवगाडी सोडलेली, तिच्याशेजारी पोत्यांखाली झाकलेला फळांचा ढीग. काढलेली फळं अशी काही दिवस झाकून ठेवतात, म्हणजे नीट पिकतात. आपण आंबे अढीत घालतो तशीच ही अढी. सत्तरीच्या एक आजी चुलीपाशी बसल्या होत्या. त्या नामा आणि आफ्रिकान्स बोलत. त्यांची नात जवळच्या उटुसेबच्या शाळेत शिकलेली, तिला इंग्रजी येत होतं, ती मध्ये बसली. शाळा म्हटल्यावर मीही शिकवते हे तिला सांगितलं, आणि मग आमचं जमलं.

फळ काढायची रीत तिने सांगितली. लांब काठीने फांद्या बाजूला सारायच्या, काठीनेच फळ हलवून बघायचं. पिकलेलं फळ देठापासून सहज सुटतं. जे सुटत नाही ते ओढायचं नाही. “ओढलं तर फांदी मोडते. कच्चं फळ कुणाच्याच कामाचं नाही, ना माणसाच्या, ना कोल्ह्याच्या.” आजींनी हे दोनदा सांगितलं, आणि नातीने दोन्ही वेळा भाषांतर केलं.

फळं चिरून गर आणि बिया लोखंडी पिंपात टाकतात आणि शिजवतात. शिजताना लांब काठीने सारखं ढवळावं लागतं. धुराने डोळे चुरचुरतात, वरून ऊन, खाली आच. गर पातळ झाला, की बिया सुटून येतात. त्या गाळून, धुऊन वाळवायच्या. आणि उरलेला रस? तो वाळूवर किंवा कापडावर पातळ ओततात आणि उन्हात काही दिवस वाळू देतात. वाळला की तपकिरी, चिवट पोळी होते, ती गुंडाळून ठेवतात.

मी तर बघतच राहिले. ही तर आपली आंबापोळी! रत्नागिरीकडे मे महिन्यात ताटाला तूप लावून रस वाळवतात, फणसाच्या रसाचीही पोळी करतात. इथे ताट नाही, तूप नाही, पण युक्ती तीच. हंगामात आलेलं सगळं एकदम खाऊन संपत नाही, आणि हंगाम सरला की काही मिळत नाही. मग गृहिणी काय करणार? ऊन फुकट आहे, त्याला कामाला लावणार. माझ्या मोबाइलमध्ये आंबापोळीचा फोटो होता तो आजींना दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिला आणि विचारलं, “वाळू चिकटत नाही ना?” नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मग दात शाबूत राहत असतील.” त्यांच्या पोळीचा तुकडा मी चघळला. गोड, किंचित आंबट, आणि खरंच दाताखाली कचकच.

बिया हा नाराचा खरा ठेवा. भोपळ्याच्या बीपेक्षा जाड, फिकट रंगाच्या. पुढच्या दातांनी कट्‌कन फोडून आतला मगज काढायचा. हे टोपनार माणसं गप्पा मारता मारता इतक्या झटपट करतात, की बघणाऱ्याने बघत राहावं. चव लोण्यासारखी, बदामाच्या जवळ जाणारी. बीच्या मगजात निम्म्याहून अधिक तेल आणि जवळजवळ तीस टक्के प्रथिनं. नीट वाळवलेल्या बिया वर्षानुवर्षं टिकतात. एकोणिसाव्या शतकापासून त्या जहाजाने केपटाउनला जात, तिथले बेकरीवाले त्या बदामाऐवजी वापरत. अलीकडे बियांचं तेल काढून त्वचेला लावायच्या प्रसाधनांत घालतात. नदीकाठच्या प्राचीन वस्त्यांच्या जागी उत्खननात नाराच्या बियांची टरफलं सापडली आहेत. म्हणजे हजारो वर्षं इथल्या बायाबापड्यांनी याच बिया फोडून मुलांना भरवल्या.

कुणाची वेल?

पूर्वी एकेका घराण्याच्या नाराच्या वेली ठरलेल्या असत. आईबापांकडून त्या मुलांकडे येत. दुसऱ्याच्या वेलीवरचं फळ काढलं तर भांडण व्हायचं. आपल्याकडे कोकणात कुठला हापूस कुणाच्या वाट्याचा यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत, तसलाच प्रकार. आता ती वाटणी बरीचशी सैल झाली आहे, पुष्कळ ठिकाणी कुणीही जाऊन काढतं.

मला आधी वाटलं, बरं झालं, भांडणं मिटली. पण आजी वेगळं सांगत होत्या. वेल आपली आहे म्हटलं, की माणूस कच्चं फळ ओढत नाही, फांदी मोडत नाही, गाढवं कोवळे शेंडे खायला आली तर हाकलतो. उद्या पुन्हा आपल्यालाच यायचं असतं ना! आणि वेल सगळ्यांची झाली, की ज्याला घाई असते तो आधी पोचतो आणि कच्चं-पक्कं सगळं घेऊन जातो. बिया किलोवर विकल्या जातात. मधला व्यापारी जो भाव सांगेल तो घ्यायचा, कारण विकणाऱ्याला त्या दिवशीचं पीठ-साखर घ्यायची असते. स्थानिक वनस्पती आणि त्यांच्याबद्दलचं लोकांचं पिढीजात ज्ञान यांचा धंद्यासाठी वापर झाला तर त्याचा वाटा त्या लोकांना मिळावा, असा कायदा नामिबियाने २०१७ साली केला आहे. तो पिंपाशी ढवळत बसलेल्या बाईपर्यंत पोचेल तेव्हा खरं.

नातीला विचारलं, तू हे काम करणार का? ती हसली. तिला वॉल्व्हिस बेला नोकरी हवी आहे, मासळीच्या कारखान्यात किंवा जमलं तर दुकानात. तिथे महिन्याला पगार मिळतो. तिचं काय चुकलं? धुरात डोळे घालवून किलोवर बिया विकायला मी माझ्या मुलीला तरी सांगितलं असतं का? पण मग कुठली वेल गोड फळांची, कुठल्या वेलीचं फळ उशिरा पिकतं, आंधळ्या धुक्यात वाट कशी ओळखायची, हे आजींच्या डोक्यात आहे ते कुणाकडे जाणार, हाही प्रश्न उरतोच.

लावायची म्हटली तर

इतकी गुणी वेल, तर लोक तिची शेती का करत नाहीत? हा प्रश्न कुठल्याही बाईला पडेल. नदीकाठी गोबाबेब इथे १९६२ साली वाळवंटाचा अभ्यास करणारं एक केंद्र सुरू झालं. आपण म्हणू आश्रमासारखं, वाळवंटाच्या मधोमध. तिथे नारावर बरंच काम झालं आहे. त्यावरून आणि आजींच्या अनुभवावरून लागवडीबद्दल जे कळलं ते असं :

बी ताजंच हवं असं नाही, वर्षानुवर्षं ठेवलेलंही रुजतं. त्याला ऊब हवी, आणि अंधार. म्हणून ते वर भुरभुरून न टाकता वाळूत पेरभर खोल लावावं लागतं. सुरुवातीला पाणी भरपूर लागतं. निसर्गात नवं रोप येतं तेही नदीला पूर येऊन गेल्यावर किंवा क्वचित चांगला पाऊस झाल्यावरच.

बी रुजलं, की वर काही दिसायच्या आधी मूळ खाली धावू लागतं. वर बोटभर रोप, तर खाली त्याच्या कितीतरी पट मूळ. त्यामुळे साध्या कुंडीत ते टिकत नाही. लांब नळीसारखं भांडं लागतं. आणि एका जागचं उपटून दुसऱ्या जागी लावायचं तर नावच काढायला नको. सोटमूळ दुखावलं की रोप गेलंच. शक्यतो जिथे वाढवायचं तिथेच बी टोचायचं. आणि मूळ खालच्या पाण्याला टेकेपर्यंत माणसाने वरून पाणी घालायचं.

एवढं करून वेल वाढली, काही वर्षांनी फुललीही, आणि फूल निघालं नराचं, तर काय? तर काही नाही. पुन्हा बी टोचायचं.

आजींना विचारलं, तुम्ही कधी बी लावलंत का? त्या म्हणाल्या, “मी बिया फोडताना थोड्या वाळूत टाकते. उगवलं तर उगवलं.” पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. वेलीची राखण म्हणजे वेलीला काही करणं नव्हे. तिच्याखालचं पाणी राखणं.

पाणी गेलं कुठे?

कुईसेबच्या मुखाशी नदीला दोन फाटे होते. एक फाटा वॉल्व्हिस बे गावाकडे जाई, आणि मोठा पूर आला की गावात पाणी शिरे. म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बांध घालून तो फाटा अडवला आणि पूर दुसऱ्या वाटेने वळवला. गाव वाचलं हे खरंच. पण त्या फाट्याखालच्या वाळूला पुराचं पाणी मिळेनासं झालं. शिवाय गावाला प्यायला, मासळीच्या कारखान्यांना, बंदराला पाणी हवं. तेही याच नदीच्या वाळूखालून उपसतात. गाव वाढत गेलं तसा उपसा वाढत गेला.

शंभर वर्षांची वेल वाळूने गाडली तर पुन्हा वर येते, हे आपण पाहिलं. वाळूशी तिची झुंज चालूच असते. पण पाणीच खाली खाली गेलं, तर तिला काही करता येत नाही. मूळ ठरावीक वेगानेच वाढतं. पाणी त्याहून लवकर पळालं, की वेल संपली. परतीच्या वाटेवर त्या मुलाने मुद्दाम मोटार थांबवून अशा वेली दाखवल्या. हिरवेपणा गेलेला, करड्या काड्यांचा सांगाडा, आणि तिला धरून राहिलेली वाळू हळूहळू वाऱ्यावर उडत चाललेली. तिच्यातले सरडे, किडे, उंदीर कुठे गेले असतील कोण जाणे.

२०१० साली किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड करणारा कारखाना सुरू झाला, तो मुळात युरेनियमच्या एका खाणीसाठी बांधला गेला. गावांनीही जितकं समुद्राचं पाणी वापरावं तितका नदीवरचा भार हलका होईल. पण ते पाणी महाग पडतं, आणि नदीचं पाणी नळाने येतं तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाची वेल आहे, हे नळ सोडणाऱ्याला दिसत नाही. आपल्या पुण्या-मुंबईच्या नळांच्या दुसऱ्या टोकाला तरी काय काय आहे, हे आपण कुठे बघतो!

जाणार असाल तर

नामिबियात नोकरीधंद्यानिमित्त गेलेली आपली माणसं आहेत, आणि हल्ली पर्यटनालाही पुष्कळ जण जातात. तेव्हा चार सूचना.

नारा पिकण्याचा मुख्य काळ साधारण जानेवारी ते एप्रिल. सकाळी किनाऱ्यावर धुकं आणि गारठा, आत गेलं की कडक ऊन. म्हणून स्वेटर आणि टोपी दोन्ही हवीत. पाणी माणशी चार-पाच लिटर मोटारीत ठेवावं. कुईसेबचा हा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, तेव्हा परवाना काढून जावं.

नाराच्या उंचवट्यांवर चढू नये, आणि वाळूत मोटारी उडवण्याच्या हौशी सहलींना नदीच्या मुखाशी जाऊ नये. चाकाखाली कोवळा फुटवा गेला तर पुन्हा यायला फार वेळ लागतो.

बिया किंवा पोळी विकत घ्यायची तर शक्य तितकी वस्तीवरच्या बायकांकडून घ्यावी आणि घासाघीस करू नये. खाऊन संपवावी, सोबत आणू नये. परदेशातलं बी किंवा रोप रोगमुक्त असल्याच्या दाखल्याशिवाय आणि परवान्याशिवाय भारतात आणायला २००३च्या आदेशाने मनाई आहे. आणि आणून करणार काय? आपल्या गॅलरीतल्या कुंडीत तिला तीस मीटर खोल वाळू कुठून देणार?

त्यापेक्षा हौसच असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर कर्टोलीचे दोन-तीन मादी कंद आणि एक नर कंद मिळवून परसात लावावेत. काटे तिलाही आहेत, फक्त फळावर आणि मऊ. पाऊस सरला की वेल वाळून जाते. ती मेली असं समजून कंद उकरू नये. पुढच्या मृगात ती आपणहून वर येते.